आधी सर्वात लहान माणसं शोधा: फ्लेमिश चित्रांतलं अन्न कसं पाहावं

प्रश्न थोडक्यात असा: लंडनच्या नॅशनल गॅलरीत भाज्या, मासळी, कोंबड्या आणि स्वयंपाकघर अशी चार भलीमोठी चित्रं पाहिली. बाजूच्या पाटीवर येशूच्या आयुष्यातले प्रसंग असं लिहिलं होतं, आम्हाला मात्र फक्त मंडई दिसली. ही चित्रं धार्मिक म्हणायची की बाजाराची? आणि कुठल्या पदार्थाचा काय अर्थ, याचा एखादा तक्ता मिळेल का?

तक्त्याचं आधी सांगतो. कलामहाविद्यालयात पाश्चात्त्य कलेचा इतिहास शिकवायला लागलो तेव्हा पहिली काही वर्षं मी असा तक्ता वाटत असे. द्राक्षं म्हणजे ख्रिस्ताचं रक्त, पाव म्हणजे त्याचं शरीर, कालवं म्हणजे कामवासना, अक्रोडाचं कवच म्हणजे क्रूसाचं लाकूड, सोललेलं लिंबू म्हणजे दिसायला गोड आणि चवीला आंबट असं जग. पोरं तो पाठ करायची. एका वर्षी परीक्षेत चित्र ओळखून रसग्रहण करायला दिलं, तर एका मुलाने लिहिलं, ‘चित्रात प्रामुख्याने कोबी आहे. कोबीचा अर्थ तक्त्यात दिलेला नाही.’ आणि पुढचं पान कोरं. त्याला मार्क द्यायला हवे होते, कारण चूक माझी होती. त्या दिवसापासून तक्ता बंद केला. त्यातले अर्थ खोटे नाहीत, पण ते शेवटी बघायचे. आधी बघायचं ते चित्रातलं अन्न कुणाच्या हातात आहे आणि कुणाकडे चाललं आहे.

तुम्ही पाहिलेली चित्रं योआखिम ब्युकलारची. हा अँटवर्पचा, म्हणजे आजच्या बेल्जियममधल्या फ्लेमिश बंदराचा. ही मालिका त्याने १५६९ आणि १५७० या दोन वर्षांत रंगवली आणि तिचा विषय आहे चार महाभूतं. आपल्याकडे पाच, युरोपात चार. आकाश त्यांच्या हिशेबात नाही. पृथ्वी म्हणजे भाजीबाजार, आप म्हणजे मासळीबाजार, वायू म्हणजे कोंबड्या-बदकांचा बाजार आणि तेज म्हणजे स्वयंपाकघर. प्रत्येक चित्र साधारण पाच फूट उंच आणि सात फूट रुंद, त्यामुळे समोर उभं राहिलं की माल थेट अंगावर येतो.

पुन्हा जाणं झालं तर कोबीकडे पाठ फिरवता येणार नाही, पण नजर मुद्दाम मागे न्या आणि चित्रातली सर्वात लहान माणसं शोधा. भाजीच्या चित्रात दूरवर एक छोटा पूल आहे. त्यावरून मरीया, योसेफ आणि बाळ इजिप्तकडे पळून चालले आहेत. मासळीच्या चित्रात कमानीतून पलीकडे पाहिलं की पुनरुत्थानानंतरचा येशू तलावाकाठी उभा दिसतो, आणि शिष्यांच्या होडीला एकाएकी जाळंभर मासे मिळालेत. योहानाच्या शुभवर्तमानात या माशांची संख्या १५३ दिली आहे. पुढच्या फळीवर बारा जातींची मासळी मांडली आहे आणि तो बारा शिष्यांकडे इशारा असावा, असं सांगितलं जातं. असेलही. कोंबड्यांच्या चित्रात मागे उधळ्या पुत्र बापाचा पैसा उडवत बसला आहे. स्वयंपाकघराच्या चित्रात दारापलीकडच्या खोलीत येशू बसला आहे, शेजारी मार्था आणि मरीया.

मार्थाची तक्रार मोठ्या कुटुंबात राहिलेल्या कुणालाही लगेच कळेल. पाहुणे आलेत, आपण चुलीपाशी राबतोय, आणि बहीण बाहेर त्यांच्या पायाशी बसून गोष्टी ऐकतेय. तिने येशूकडे तक्रार केली, तर त्याने उलट मरीयेचीच निवड बरी ठरवली. आता चित्र पाहा. पुढे पाच फुटांवर बायका कोंबडी सोलतायत, मांस सळईवर चढवतायत. प्रत्यक्ष येशू हाताच्या बोटाएवढा. तुम्ही आलात, कोंबडी पाहिलीत आणि पुढे निघालात. म्हणजे तुम्ही मार्था झालात. ‘आम्हाला फक्त मंडई दिसली’ हे तुम्ही काहीशा अपराधी सुरात लिहिलंय, पण चित्र त्याच बेताने रचलंय. पाहणाऱ्याने आधी चुकावं, मग पाटी वाचून किंवा बायबल आठवून मागे वळावं, अशी ती मांडणी आहे.

आणि हे सगळं निव्वळ प्रवचन आहे असं कुणी सांगितलं, तर त्यावरही विश्वास ठेवू नका. नुसतं प्रवचन करायचं असतं तर मासळीच्या चित्रातल्या माशाचे काप इतक्या मायेने कुणी रंगवले नसते. आमच्या क्षेत्रात यावर दोन तट आहेत. एक म्हणतो, प्रत्येक गाजरामागे नीतीपाठ दडलाय. दुसरा म्हणतो, यांना जग जसं दिसतं तसं रंगवण्याचा आनंद होता, बाकी आपण चिकटवतो. माझं मत सरळ आहे: ब्युकलारला दोन्ही विकायचं होतं, मोहही आणि मोहावरचा उताराही, एकाच फळीवर.

ही युक्ती त्याची स्वतःची नव्हे. ती त्याने पीटर आर्टसेनकडून उचलली, जो नात्याने त्याच्या आत्याचा नवरा आणि शिवाय गुरू. आर्टसेन मूळचा ॲमस्टरडॅमचा, पण उमेदीची वीसेक वर्षं त्याने अँटवर्पमध्ये काढली. उंचीमुळे त्याला ‘लांग पीर’ म्हणजे लंबू पीटर म्हणत. त्याचं १५५१ सालचं ‘मांसाचं दुकान’ स्वीडनमध्ये उप्साला विद्यापीठाच्या संग्रहात आहे. माझ्या मते या सगळ्या परंपरेतलं सर्वात धाडसी चित्र हेच. यावर जरा थांबू.

चित्राच्या ऐन मधोमध, तुमच्याकडे डोळा लावून, बैलाचं अर्धवट सोललेलं मुंडकं. आजूबाजूला डुकराचं मुंडकं, पाये, सॉसेजच्या माळा, चरबी, पक्षी. माणसं जवळपास नाहीतच; दुकान मांडलंय आणि दुकानदार गायब. डावीकडे, मांसाच्या पलीकडे एक फट आहे. त्या फटीत गाढवावर बसलेली मरीया आहे. ती इजिप्तच्या वाटेवर आहे, स्वतः निर्वासित आहे, आणि मागे वळून एका भिकाऱ्याच्या पोराला पाव देते आहे. एवढ्या मोठ्या दुकानात देणारा हात हा एकच, आणि तो देतोय तो साधा पाव. तिच्या खालच्या अंगाला एका ताटलीत दोन हेरिंग मासे एकमेकांवर आडवे ठेवलेत, क्रूसासारखे. मांस हे सणाचं, हेरिंग हे उपवासाचं अन्न. म्हणजे मांसाच्या ढिगाऱ्यातच उपवासाची ताटली ठेवलेली आहे. उजवीकडे मागे खानावळीतली मंडळी मजेत, आणि जमिनीवर शिंपल्यांचा खच.

आता उजव्या कोपऱ्यात वर बघा. एक पाटी टांगली आहे. तिच्यावरचा मजकूर साधारण असा: यामागे १५४ रूड जमीन विकणे आहे, हवी तर तुकड्यांनी, हवी तर एकगठ्ठा. रूड हे तिकडचं जमीन मोजण्याचं माप. ‘प्लॉट विकणे आहे’ची पाटी, साल १५५१! मी हे चित्र वर्गात दाखवायचो तेव्हा या पाटीपाशी आल्यावर मागच्या बाकावरची मुलंही पुढे वाकायची. अँटवर्प तेव्हा युरोपातल्या सर्वात श्रीमंत बंदरांपैकी एक. शहर वाढत होतं, जमिनीचे व्यवहार जोरात होते. चित्रकाराला सांगायचं होतं की विकायला काढलेली गोष्ट केवळ मांस नाही. हे त्याने मरीयेच्या तोंडी घातलं नाही, एका पाटीवर लिहून टाकलं.

याच शहरात खाटिकांच्या संघाची इमारत आजही उभी आहे, फ्लेसहाऊस. १५०१ ते १५०४ या काळात बांधलेली. लाल वीट आणि पांढरा दगड यांचे थर एकाआड एक. डच भाषेत अशा बांधणीला ‘स्पेकलागन’ म्हणजे डुकराच्या चरबीचे थर म्हणतात. ज्या गावात भिंतीकडे पाहूनही लोकांना बेकन आठवतं, तिथल्या चित्रांत खाणं का, हा प्रश्न तसा उलटाच विचारायला हवा.

गोव्याचाही धागा इथे येतो. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीपासून पोर्तुगीज जहाजांनी आणलेली काळी मिरी लिस्बनहून अँटवर्पला जायची आणि तिथून उत्तर युरोपात पसरायची. पोर्तुगालच्या राजाची वखार १५४९ पर्यंत तिथे होती. त्या काळातल्या अँटवर्पच्या सॉसेजमध्ये मलबारची मिरी असणं अगदी शक्य. चित्रात ती दिसत नाही, पण त्या शहराच्या पोटात आणि पैशात ती होती.

आर्टसेनच्या नशिबाचा एक उपरोध सांगतो. तो स्वतःला मोठा समजत होता ते चर्चमधल्या वेदीचित्रांसाठी. १५६६ च्या उन्हाळ्यात नेदरलँड्समध्ये मूर्तिभंजनाची लाट आली. कट्टर प्रोटेस्टंट जमावांनी चर्चमध्ये घुसून मूर्ती फोडल्या, चित्रं फाडली. त्यात त्याची बरीच वेदीचित्रं गेली, आणि तो फोडणाऱ्यांना तोंडावर बोलत असे, असं चित्रकारांची चरित्रं लिहिणाऱ्या कारेल व्हान मांडरने १६०४ मध्ये नोंदवून ठेवलंय. देवाची चित्रं गेली आणि मांसाचं दुकान राहिलं. ब्युकलारची महाभूतं या उलथापालथीनंतर तीन-चार वर्षांतली आहेत. चर्चच्या भिंती रिकाम्या झालेल्या शहरात येशू बाजाराच्या मागच्या कमानीत जाऊन उभा राहिला, असंही त्यांच्याकडे पाहता येतं. हा माझा अंदाज, त्याला कागदपत्रांचा आधार नाही.

पीटर ब्रूगेल हा याच अँटवर्प-ब्रसेल्सचा, पण त्याची तऱ्हा वेगळी. तो अन्न लपवतही नाही आणि मागे येशूही ठेवत नाही. त्याच्याकडे अन्नच पात्र होऊन भांडतं. १५५९ च्या ‘कार्निव्हल आणि लेंट यांची लढाई’ या चित्रात एक ढेरपोट्या पिंपावर स्वार झालाय, डोक्यावर पाय नावाचा भरला पदार्थ, हातात भाल्याऐवजी डुकराचं मुंडकं टोचलेली सळई. समोर लेंट: हडकुळी, डोक्यावर मधमाश्यांची टोपली, हातात पाववाल्याचं लांब दांड्याचं फावडं आणि त्यावर दोन हेरिंग. वसईच्या किंवा गोव्याच्या ख्रिस्ती वाचकाला हे समजावून सांगायला नको. राखेच्या बुधवारी सुरू होणारा उपवासकाळ आणि त्याच्या आधीचे खाण्यापिण्याचे दिवस, गोव्यातली जुनी माणसं ज्याला इंत्रुज म्हणतात, तीच ही जोडी. कोण जिंकतं हे ब्रूगेल सांगत नाही. सांगितलं असतं तर चित्र लहान झालं असतं.

१५६३ मध्ये त्याच्या रेखाटनांवरून ‘लठ्ठ स्वयंपाकघर’ आणि ‘रोड स्वयंपाकघर’ अशी दोन छापचित्रं निघाली. अँटवर्पच्या हिरोनिमस कॉकने ती प्रकाशित केली. पहिल्यात सॉसेज छतापासून लोंबतायत आणि तुंदिलतनू मंडळी एका हडकुळ्याला लाथ घालून बाहेर काढतायत. दुसऱ्यात हाडं मोजून घ्यावीत अशी माणसं शिंपल्या आणि कंदमुळं चघळतायत, आणि चुकून दारात आलेल्या एका जाड्याला ‘या, बसा’ करत आत ओढतायत. तो पळायच्या बेतात. गरिबाच्या घरातलं आतिथ्य आणि श्रीमंताच्या घरातली लाथ, दोन कागदांवर. छापचित्रं स्वस्त असायची, म्हणून हा विनोद तैलचित्रांपेक्षा कितीतरी जास्त घरांत पोचला असणार.

आणि १५६७ चं ‘लुयलेकरलांड’, आज म्युनिकमध्ये. आळशांचा स्वर्ग. झाडाखाली तिघे पसरलेत: सैनिक, शेतकरी आणि पोथी बाजूला टाकलेला लेखनिक. छपरावर कौलांऐवजी पोळ्यांसारखी गोड भाकरं, कुंपण सॉसेजचं, भाजलेलं डुक्कर पाठीला सुरी खोचून फिरतंय, आणि एक उकडलेलं अंडं पाय फुटून चालत येतंय, वरून फोडलेलं, आत चमचा-सुरी तयार. उजवीकडे एकजण लापशीचा डोंगर खात खात आरपार आलाय, कारण या देशात शिरायचा रस्ता तोच. ‘असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी’ हे कुणी रंगवलं असेल तर ते यानेच. मी मात्र या चित्रापाशी हसता हसता थांबतो. १५६५ मध्ये कडाक्याच्या थंडीनंतर धान्य महागलं होतं, आणि १५६७ मध्ये आल्व्हाचा ड्यूक स्पॅनिश फौज घेऊन ब्रसेल्सला आला. पोट भरलेल्या माणसाला चालत येणारं अंडं सुचत नाही.

इथून पुढे सगळं पालटतं, आणि ते का पालटलं हे ध्यानात घेतल्याशिवाय पुढच्या पिढीतला अँटवर्पचा चित्रकार रुबेन्स याच्या फळांच्या टोपल्या कळत नाहीत. १५७६ मध्ये पगार थकलेल्या स्पॅनिश सैनिकांनी अँटवर्प लुटलं. १५८५ मध्ये लांबलचक वेढ्यानंतर शहर पडलं, शेल्ड्ट नदीची वाट बंद झाली, प्रोटेस्टंट व्यापारी उत्तरेकडे निघून गेले. लाखभर वस्तीचं शहर काही वर्षांत चाळीस-बेचाळीस हजारांवर आलं. १६०९ ते १६२१ असा बारा वर्षांचा तह झाला तेव्हा कुठे श्वास मिळाला. जिथे अन्नाचा ढीग हा आरोप होता, तिथे तो आता नवस झाला.

म्हणून या पिढीत सीरीस येते, धान्याची रोमन देवता. पोमोना येते, फळांची. आणि कॉर्नुकोपिया, म्हणजे फळाफुलांनी भरलेलं शिंग. त्याची गोष्ट रोमन कवी ओव्हिडमध्ये आहे: नदीदेव अखिलॉस बैलाच्या रूपात हर्क्युलीसशी झुंजला, हर्क्युलीसने त्याचं शिंग उपटलं आणि जलदेवतांनी ते फळांनी भरून पवित्र केलं. एका मोडलेल्या शिंगातून समृद्धी वाहते. लढाईनंतरच्या शहराला ही कथा का आवडावी, हे सांगायला नको. माद्रिदच्या प्रादोमध्ये सीरीस आणि दोन अप्सरांचं जे चित्र आहे, त्यात माणसं रुबेन्सची आणि फळं फ्रान्स स्नायडर्सची. अशी वाटणी तिथे रूढ होती. द्राक्षाच्या मण्यावरचा धुरकट लेप रंगवावा तर स्नायडर्सनेच. याकोब योर्डान्सची पोमोना ब्रसेल्सला आहे, तिच्यातली फळं आणि माणसं दोन्ही सारख्याच मांसल.

तुमच्या सोयीची गोष्ट म्हणजे रुबेन्सचं या विषयावरचं सर्वात महत्त्वाचं चित्र ब्युकलारच्याच इमारतीत आहे. ‘मिनर्व्हा शांतीचं मार्सपासून रक्षण करते’, १६२९-३०. रुबेन्स तेव्हा लंडनला चित्रकार म्हणून गेला नव्हता. स्पेनचा राजा चौथा फिलिप याचा दूत म्हणून इंग्लंडशी तह जुळवायला गेला होता. जाताना हे चित्र त्याने पहिल्या चार्ल्सला भेट दिलं. मधोमध शांती बसली आहे आणि आपलं दूध बाळ प्लुटसच्या तोंडात सोडते आहे. प्लुटस म्हणजे संपत्तीचा देव. मागे बुद्धीची देवता मिनर्व्हा युद्धदेव मार्सला ढकलून हाकलते आहे. पुढे एक सॅटिर, अर्धा बोकड, गुडघ्यावर टेकून फळांनी ओसंडलेलं शिंग मुलांपुढे धरतोय. ही मुलं खरी आहेत: रुबेन्स लंडनमध्ये ज्याच्याकडे उतरला होता त्या बाल्थाझार गेर्बियरची.

आता ब्युकलारच्या भाजीवालीचे हात आठवा. ती माल तुमच्यापुढे धरते, गिऱ्हाईक तुम्ही. सॅटिर शिंग मुलांपुढे धरतो. तुम्ही बाहेर उभे आहात, आणि चार्ल्स राजाही तिथेच बाहेर उभा होता. तह केलात तर ही पोरं खातील, एवढंच त्याला सांगायचं होतं. नोव्हेंबर १६३० मध्ये तह झाला. तो चित्रामुळे झाला असं मी म्हणणार नाही, पण मुत्सद्द्याने फळांची टोपली युक्तिवाद म्हणून वापरल्याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

प्रादोला कधी गेलात तर यान ब्रूगेल आणि रुबेन्स यांच्या ‘पंचेंद्रियं’ मालिकेतलं १६१८ चं ‘रसना’ही पाहा. एकटी बाई टेबलाशी कालवं खातेय, शेजारी सॅटिर वाइन ओततोय, टेबलावर मोराच्या आणि हंसाच्या पिसांनी सजवलेले ‘पाय’, म्हणजे तेच भरले पदार्थ. इतकं अन्न आणि खाणारी एक. तिच्यामागच्या भिंतीवर लहानशी चित्रं टांगली आहेत, आणि त्यांतलं एक आहे लठ्ठ स्वयंपाकघर. यान हा पीटर ब्रूगेलचा मुलगा. बापाचा विनोद पोराने राजवाड्याच्या भिंतीवर टांगून ठेवला. हे चित्र पाहणाऱ्या दरबाऱ्यांपैकी कितीजणांना ती लाथ आठवली असेल, कोण जाणे.

तर तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: ब्युकलारची चित्रं धार्मिकही आहेत आणि बाजाराचीही, आणि कुठली बाजू आधी दिसते याची जबाबदारी त्याने पाहणाऱ्यावर टाकली आहे. दुसऱ्याचं उत्तर वर दिलेला जुना तक्ता. तो खिशात असू द्या, पण द्राक्षं दिसताच बाहेर काढू नका. मरीया-येशूच्या चित्रातली द्राक्षं वेगळी आणि सॅटिरच्या शिंगातली वेगळी. तिथे ती मद्यदेव बॅकसची, म्हणजे मौजेची.

आणि नॅशनल गॅलरीत हात मोजायला लागलात तर रुबेन्सच्या चित्रात अगदी खाली एक पंजा आहे, तो सोडू नका. बॅकसच्या गोतावळ्यातला बिबट्या पाठीवर लोळतोय आणि शिंगातून सांडलेल्या द्राक्षवेलीशी मांजराच्या पिल्लासारखा खेळतोय. सबंध चित्रात पोट भरलेला असा तो एकटाच दिसतो.